काटा किती वेळ डोलावा

मामांच्या कारखान्यात दुकानांचे तराजू व्हायचे. कारखाना हे नाव त्याला जरा मोठंच होतं. आत एक लांब खोली, सहा खिडक्या, दोन लेथ, एक ड्रिल, आणि भिंतीला लागून गेलेलं पंचवीस फुटांचं लाकडी बाक. त्या बाकावर तेल आणि पितळेचा भुगा असा काही मुरला होता, की त्याचा मूळ रंग मामांनाही सांगता आला नसता. एकवीस माणसं तिथे काम करायची. ज्या टेकूवर तराजूची दांडी तोलली जाते त्याची धार बरोबर लागली आहे की नाही, हे मामा दांडीला टिचकी मारून, आवाज ऐकून ओळखत. आता कुणाला सांगून पटायचं नाही, पण त्यांचा कान आणि तपासणी खात्याची वजनं यांच्यात कधी वाद झाल्याचं कुणाला आठवत नाही.

भाची त्यांच्याकडे आली ती इंजिनिअर होऊन. तिच्या वर्गात दोनच मुली होत्या, आणि त्या काळी मोठे कारखाने मुलीचा अर्ज वाचून झाल्यावर "कळवू" म्हणत आणि कळवत नसत. मामा बहिणीला म्हणाले, "पाठव तिला माझ्याकडे. पगार बेताचा देईन, पण हात काळे करायला भरपूर मिळतील." भाची आली, आणि आठवड्याभरात तिचे हात खरोखरच काळे झाले. कामगार तोंडावर तिला ताई म्हणत, पाठीमागे पदवीबाई. हे दुसरं नाव ठेवणारा म्हणजे कानस. हाही टोपणनावाचाच माणूस. कारखान्यातला सगळ्यांत जुना फिटर. पितळ असो की माणूस, समोर आलं की तो घासायचाच.

भाची आली ते वर्ष मात्र वाईट होतं. बाजारात पत्र्याचे स्प्रिंगवाले तराजू आले होते. हलके, स्वस्त, रंगीत. वर्षभरात स्प्रिंग सैल व्हायची, पण वर्षभराने काय होईल हे घेताना कोण बघतो? मागणी निम्म्यावर आली. एक बिजागऱ्यांचा ठेकेदार दोनदा येऊन खोली बघून गेला होता. मामांनी मान्य केलं तर पुढच्या हंगामापासून त्या बाकावर दारांच्या बिजागऱ्या होणार होत्या. बिजागरी वाईट असते असं कुणीच म्हणत नव्हतं. पण मामांनी बिजागऱ्या करायच्या म्हणजे गवयाला दारावरची घंटा वाजवायला बसवण्यासारखं होतं.

वाचायची एकच वाट होती. मामांचा माल उचलणारे एक घाऊक व्यापारी होते. त्यांना सगळे घाऊकवालेच म्हणत. ते कुठलंसं प्रदर्शन बघून आले आणि म्हणाले, "मामा, आता लोकांना वेळ नाही. तुमचा काटा मिनिटभर नाचत बसतो. मला असा काटा द्या, की वजन ठेवलं आणि थांबला. तसा दिलात तर हंगामाला तीनशे उचलतो. नाहीतर मला पत्र्याचेच घ्यावे लागतील."

मामांनी भाचीकडे बघितलं. भाचीने कागद ओढला.

काटा लवकर थांबवायला आधी कारखान्यात तेलाचा दट्ट्या लावून बघितला होता. थंडीत तेल घट्ट झालं की काटा पाय ओढत चालायचा. उन्हात पातळ झालं की कुणाचं ऐकायचा नाही. भाचीने तेल काढूनच टाकलं. काट्याच्या मागे तिने ॲल्युमिनियमचं एक पातळ पान बसवलं आणि ते चुंबकाच्या दोन टोकांमधल्या फटीतून जाऊ दिलं. पान चुंबकाला चिकटत नाही, शिवतही नाही. पण फटीतून सरकायला लागलं की त्याच्या अंगात विजेचे बारीक भोवरे उठतात आणि तेच त्याला मागे ओढतात. जितकं जोरात सरकेल तितकं जोरात ओढतात. थंडीचा, उन्हाचा काही संबंध नाही.

मामांनी करंगळीने ते पान हलवून बघितलं. पुन्हा हलवलं. मग फटीतून फुंकर मारून आत काही आहे का ते पाहिलं.

"मधात चमचा फिरवल्यासारखं लागतंय," ते म्हणाले.

"आणि मध नाही," भाची म्हणाली.

"मध नाही," मामा म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. कौतुक करायचं झालं की ते चष्मा पुसत.

असे दहा तराजू झाले. वजन ठेवलं की काटा सरळ आपल्या आकड्यावर जायचा आणि तिथेच थांबायचा, एक केसभरही पुढे नाही. महिनाभर वापरून बघा, म्हणून ते मामांनी बाजारातल्या दहा विक्रेत्यांना दिले. महिना संपला की घाऊकवाले येऊन निकाल देणार होते. त्यांनी तर पत्रकंही छापायला टाकली: ‘क्षणात वजन’.

नवव्या दिवसापर्यंत सात तराजू परत आले.

पोत्यात गुंडाळून, नीट पुसून आणून दिले होते. राग कुणाचाच नव्हता, आणि तेच भाचीला जास्त लागलं. भाजीवाला म्हणाला, "मामा, वस्तू एक नंबर आहे. पण ठेवून घ्या."

"अरे, पण झालं काय?"

"काही नाही. गिऱ्हाईक म्हणतं, काटा अडकलाय."

"अडकलेला नाही तो."

"मी तेच म्हणतो. मग ते माझ्याकडे बघतं."

सातही तराजू बाकावर मांडून प्रमाण वजनांनी तपासले. एकातही कणाचा फरक नव्हता. कानस शेजारी उभा राहून सगळं बघत होता. "काटा फार शिस्तीचा झालाय, ताई," तो म्हणाला. "शाळेत घालू या का त्याला?"

 भाचीने तबकडीवरचे आकडे मोठे केले. काचेवर उजेड चमकत असेल म्हणून काच तिरपी केली. तराजू पुन्हा पाठवले. चार दिवसांनी तेही परत आले.

पाचव्या दिवशी दुपारी मामांचा डबा घेऊन मामी कारखान्यात आल्या. एरवी त्या दारातच डबा देऊन वळायच्या. त्या दिवशी भाचीचा चेहरा पाहून आत आल्या, बाकापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला दाखव तरी कसं चालतंय ते."

भाचीने वजन ठेवलं. काटा गेला, थांबला.

"आता मी गिऱ्हाईक आहे असं समज," मामी म्हणाल्या. "मी उभी कुठे राहू?"

"इकडे, माझ्या..." म्हणता म्हणता भाची थांबली. तराजूच्या या बाजूला विकणारा उभा राहतो. गिऱ्हाईक पलीकडे. आणि पलीकडे होती भिंत. बाक भिंतीला लावलेलं, त्यामुळे त्या कारखान्यात झालेला एकूण एक तराजू विक्रेत्याच्या बाजूनेच बघितला गेला होता. दोन्ही बाजूंना तबकड्या असायच्या, पण पलीकडची तपासायची झाली की तराजूच फिरवून घ्यायचे. इतकी वर्षं, एकवीस माणसं, आणि गिऱ्हाइकाच्या जागी एकदाही कुणी उभं राहिलं नव्हतं.

मामा डब्याचं झाकण हातात धरून तसेच उभे होते. मग म्हणाले, "अरे, बाक ओढा रे पुढे." ते ओढायला नऊ माणसं लागली. मागे इतक्या वर्षांचे हरवलेले स्क्रू निघाले, ते कानसाने एका डब्यात भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी भाचीला घेऊन बाजारात गेल्या. नवा तराजू ज्यांनी ठेवून घेतला होता त्या तिघांतला एक बटाटेवाला. मामींनी बटाटे मागितले. काटा गेला, थांबला. मामी बघत राहिल्या.

"पुन्हा ठेवा हो जरा."

त्याने काढून पुन्हा ठेवले. काटा तिथेच. मामींनी वाकून तराजूखाली बघितलं.

बाजूला आल्यावर भाची म्हणाली, "मामी, तो मी केलाय. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे म्हणून तर दोनदाच ठेवायला लावलं. नाहीतर तीनदा लावलं असतं."

"पण का?"

मामींनी चालता चालता विचार केला. "अगं, कसं सांगू? आपला जुना काटा जातो, येतो, पुन्हा जातो. म्हणजे तो शोधत असतो ना. हा तुझा आधीच ठरवून आल्यासारखा वाटतो."

मासळीवालीने नवा तराजू सगळ्यांत आधी परत केला होता, पहिल्याच दिवशी. भाची तिच्याकडे गेली आणि तीन दिवस इथे बसू का म्हणून विचारलं.

"बस की," मासळीवाली म्हणाली आणि एक खोकं पालथं करून दिलं. "फक्त माशांच्या फार जवळ सरकू नको. वजनात धरीन."

तीन दिवस रोज सकाळी भाची त्या खोक्यावर बसली. एका हातात घड्याळ, मांडीवर वही. मासळीवालीचा जुना तराजू गंजलेला होता. काटा सावकाश या टोकाकडून त्या टोकाकडे डोलायचा. भाचीने त्याच्याकडे कमी आणि गिऱ्हाइकांच्या डोळ्यांकडे जास्त बघितलं. डोळे आधी काट्यावर जात. मग मासळीवालीच्या हातांवर: ते ताटाला टेकलेले तर नाहीत ना? मग पुन्हा काट्यावर. तोवर काटा डोलत असेल, तर माणूस सैल व्हायचा, पिशवी उघडायचा. याला साधारण चार सेकंद लागत, कुणाला पाच. सहाच्या पुढे काटा डोलत राहिला की मागचे लोक चुळबुळ करत. आणि दोनच्या आत थांबला असता, तर हात बघून डोळे परत यायच्या आत सगळं संपलेलं असतं. नव्या तराजूचं हेच होत होतं. लोकांनी नजर वळवून पुन्हा बघावं, तर काटा जणू कधी हललाच नव्हता.

आणखी एक गोष्ट होती, ती मासळीवालीने सांगितली. वजन झालं की ती वर एक बारका मासा टाकायची. काटा पुन्हा एकदा वाकायचा, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर हसू यायचं.

"तुझ्या काट्यावर टाकला ना, तर तो नुसता एक रेघ पुढे जाऊन गप्प," ती म्हणाली. "मासा गेला माझा, आणि कुणाला दिसलासुद्धा नाही. असला मासा मी कशाला देऊ? आणि दुसरं सांगू? काटा डोलतोय तोवर सगळे काट्याकडे बघतात. तेवढ्यात माझा श्वास होतो, पुढचा मासा उचलून होतो. तुझा काटा थांबला की सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागतात. मला काय सवय आहे त्याची?"

भाची कारखान्यात परतली तेव्हा महिन्यातले दहा दिवस उरले होते. तिने मामांना वही दाखवली. म्हणाली, "काटा मुद्दाम डोलवायचा. पण मोजून. चार ते पाच सेकंद."

"चांगली केलेली गोष्ट बिघडवायची?" कानसाने विचारलं.

"चांगली कुठे केली होती? भिंतीसाठी केली होती."

 कानसाने स्टूल जवळ ओढलं.

चुंबक थोडा बाजूला सरकवला की पानावरची पकड कमी व्हायची आणि काटा डोलायचा. पाव किलोला काटा छान दोनदा डोलून थांबला. पाच किलो ठेवले तर डोलतच राहिला. वजन वाढलं की त्याला आवरायला जोरही जास्त लागतो. पुस्तकात हे होतं, पण पुस्तकात मासळीवाली नव्हती म्हणून भाचीला ते आधी सुचलं नव्हतं. तोडगा तिनेच काढला. वजन जितकं जास्त तितका काटा पुढे जातो आणि पानाचा पुढचा भाग चुंबकात येतो. मग पान सगळीकडे सारखं ठेवायचंच नाही. सुरुवातीला निमुळतं, पुढे रुंद होत जाणारं करायचं. हलक्या वजनाला कमी पकड, जड वजनाला जास्त.

किती रुंद, हा प्रश्न होता. भाची चौकटीच्या कागदावर गणित मांडत बसली. कानसाने गणिताची वाट बघितली नाही. पत्र्यातून पान कापायचं, लावायचं, वजन ठेवायचं, काढून दोन हात घासायचं, पुन्हा लावायचं. तीन दिवसांत त्याने अकरा पानं वाया घालवली. बारावं चाललं. हात असे हलके, की कानशीचा आवाज कागदावर पेन्सिल फिरवल्यासारखा येत होता. भाची बराच वेळ आपलं गणित सोडून ते बघत राहिली.

चौथ्या दिवशी तिने गणिताने आलेलं पान कापून आणलं. दोन्ही पानं एकावर एक ठेवून तिने खिडकीपाशी धरली. कडा तंतोतंत जुळत होत्या. फक्त सुरुवातीच्या निमुळत्या भागात उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. कुणाचं चुकलं? सगळे जमले. कानसाने रेघेकडे बघितलं, मग भाचीकडे.

"ताई, ताट धरलंत का?"

"कसलं ताट?"

"मासळीवालीचं. ती कधी रिकाम्या तराजूवर मासे ठेवते का? खाली जाड ताट असतं तिचं. काटा शून्यावर आणून दिला तरी ताटाचं वजन तिथे असतंच की. मी तसलंच एक ठेवून घासलंय."

भाचीने गणितात ताट धरलं. उजेडाची रेघ गेली.

मामा दोन्ही पानं हातात घेऊन बराच वेळ उभे होते. एक तीन दिवस घासून आलेलं, एक कागदावरून आलेलं.  मग त्यांनी चष्मा पुसायला काढला, आणि कानस खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी घाऊकवाले आले ते थेट बाजारातच, मासळीवालीकडे. नवा तराजू दोन दिवस तिच्याकडे होता. घाऊकवाल्यांच्या हातात स्टॉपवॉच. सात तराजू परत आल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. "मामा, स्पष्ट सांगतो," ते म्हणाले. "तीन सेकंदांच्या वर गेला तर मला चालणार नाही. माझी पत्रकं छापून झालीत."

मामांनी मान हलवली.  बिजागरीवाला संध्याकाळी उत्तर मागायला येणार होता.

मासळीवालीने घाऊकवाल्यांकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "घेणार आहात की नुसते बघायला आलात? मागे माणसं उभी आहेत."

"एक किलो दे," घाऊकवाले म्हणाले.

तिने मासे ताटात टाकले. काटा गेला, आकड्याच्या पुढे झुकला, मागे आला, पुन्हा थोडा पुढे गेला आणि थांबला. घाऊकवाल्यांनी मध्येच तिच्या हातांकडे बघितलं, मग पुन्हा काट्याकडे. मासळीवालीने वर एक बारका मासा टाकला. काट्याने मान लववली. घाऊकवाल्यांनी पिशवी पुढे केली.

"किती लागले?" मामांनी हळूच विचारलं.

घाऊकवाल्यांनी घड्याळाकडे बघितलं. काटा शून्यावर होता. ते दाबायचंच राहिलं होतं.

कुणी हसलं नाही. त्यांनी पुन्हा वजन करायला सांगितलं आणि या वेळी घड्याळ नीट दाबलं. साडेचार सेकंद. त्यांनी त्या आकड्याकडे बघितलं, मग हातातल्या पिशवीकडे.

"साडेचार," ते म्हणाले. "मघाशी मला वाटलं, लगेच झालं."

"सगळ्यांनाच तसं वाटतं," भाची म्हणाली. "मी तीन दिवस मोजलंय. त्याहून लवकर झालं की लोक पुन्हा ठेवायला लावतात, आणि मग दहा सेकंद जातात."

"आणि माझी गोदामवाली गिऱ्हाइकं? तिथे समोर कुणी नसतं. पोती चढवायची आणि लिहायचं. त्यांना हा नाच नकोय."

भाचीने मागचं झाकण उघडून एक स्क्रू दाखवला. तो फिरवला, चुंबक आत सरकला. वजन ठेवलं, काटा गेला आणि जागच्या जागी थांबला. स्क्रू उलटा फिरवला. काटा पुन्हा डोलायला लागला. "तराजू एकच," ती म्हणाली. "कुणाला कसा हवा ते विकताना विचारायचं, आणि स्क्रू लावून लाखेने बंद करायचा."

घाऊकवाले खाली वाकून तो स्क्रू बघत राहिले. मग कंबर सरळ करत म्हणाले, "तीनशे. हंगामाच्या आधी. पण त्या ‘क्षणात वजन’चं मी काय करू?"

"क्षण जरा मोठा करा," कानस म्हणाला.

यावर मात्र घाऊकवाले मोठ्याने हसले, आणि मामांचा हात हातात घेऊन बराच वेळ तो सोडायला विसरले.

"तुमची मोजणी झाली असेल तर आता सरका," मासळीवाली म्हणाली. "आणि हा तराजू मी देणार नाही. आधीच सांगून ठेवते."

सगळे बाजूला झाले. घाऊकवाले गेले, कानस पत्रा आणायला म्हणून तिथूनच दुकानांकडे वळला; तीनशे पानं कापायची होती. भाचीने वही बंद केली आणि मामांना शोधलं, तर ते दिसेनात. मग दिसले. मासळीवालीसमोरच्या रांगेत, दोन बायकांच्या मागे, हात मागे बांधून ते उभे होते. आपल्या तराजूची पलीकडची बाजू ते बाजारात उभं राहून पहिल्यांदाच बघत होते. काटा डोलायला लागला की त्यांचे ओठ हलत. पुढची बाई गेली, नंबर आला, आणि मासळीवालीने विचारलं, "तुम्हाला किती?"

"मामा," भाची म्हणाली, "मामीने सकाळीच घेतलेत मासे."

"असू देत," मामा म्हणाले. "अर्धा किलो द्या. सावकाश ठेवा."